हा पत्ता कोणासाठी?

पहिली लढाई संपते, थोडं सोनं हाती लागतं आणि पडद्यावर तीन पत्ते उलगडतात. त्यातला एक घ्यायचा, नाहीतर 'स्किप' दाबून तिन्ही सोडायचे. मनोरा चढत जायच्या 'स्ले द स्पायर' या पत्त्यांच्या व्हिडिओ गेमच्या एका पूर्ण डावात हा प्रसंग वीसेक वेळा तरी येतो. डाव जिंकणार की हरणार हे बहुतेक वेळा इथेच ठरतं, फक्त ते कळायला आणखी दहा मजले जावे लागतात. नवा खेळाडू हरतो तेव्हा त्याच्या डोळ्यांसमोर शेवटची लढाई असते: बॉसने ३५चा घाव घातला, ऐन वेळी हातात ब्लॉक (घाव अडवणारा पत्ता) आला नाही, नशीबच फुटकं. पण तो ब्लॉकचा पत्ता सातव्या मजल्यावर समोर आला होता आणि त्याने शेजारचा, मोठ्या आकड्याचा पत्ता उचलला होता.

म्हणून पत्ता उचलण्याआधी विचारायचा प्रश्न एकच: हा पत्ता पुढच्या कोणत्या लढाईसाठी? नाव घेऊन उत्तर देता आलं पाहिजे. 'चांगला पत्ता आहे' हे उत्तर नाही. 'सेंट्रींसाठी', म्हणजे अमुक एका शत्रूसाठी, हे उत्तर आहे. पुढे एक डाव तळापासून वरपर्यंत चढून दाखवला आहे, तो याच प्रश्नाचं बोट धरून. पात्र आयर्नक्लॅड, कारण सुरुवात त्याच्यापासूनच होते, आणि आकडे सगळे असेन्शन (जिंकत गेल्यावर उघडणाऱ्या कठीण पायऱ्या) चालू न करता खेळलेल्या साध्या डावाचे.

खेळाची कुळकथा थोडक्यात. मेगा क्रिट हा सिअ‍ॅटलमधला छोटा स्टुडिओ, अँथनी जोव्हानेटी आणि केसी यानो या दोघांनी उभा केलेला. खेळ पुरा होण्याआधीच नोव्हेंबर २०१७मध्ये अर्ली अ‍ॅक्सेसमध्ये आला आणि जानेवारी २०१९मध्ये पूर्ण झाला. खेळता खेळता डेक, म्हणजे आपला पत्त्यांचा संच, बांधायची कल्पना टेबलावरच्या खेळांत २००८च्या 'डोमिनियन'ने रुळवली होती. मेलात की सगळं गमावून पुन्हा तळापासून, आणि प्रत्येक वेळी नवा नकाशा, ही रीत १९८०च्या 'रोग'पासूनची. या दोन्ही गोष्टी इथे इतक्या घट्ट सांधल्या गेल्या की नंतर त्या वाटेने खेळांची रांगच लागली. अर्ली अ‍ॅक्सेसच्या काळात खेळाडू कोणते पत्ते घेतात, कोणते सोडतात आणि कशाने मरतात याचा डेटा गोळा करून आकडे जुळवत नेले होते. खेळताना ते जाणवतं. निव्वळ टाकाऊ पत्ते फार थोडे आहेत. चुकीच्या वेळी घेतलेले मात्र पुष्कळ.

सुरुवातीला हाती काय असतं ते बघू. ८० हेल्थ, ९९ सोनं आणि दहा पत्ते: पाच स्ट्राइक (६ डॅमेज), चार डिफेंड (५ ब्लॉक) आणि एक बॅश. बॅशला दोन एनर्जी लागतात. तो ८ डॅमेज करतो आणि शत्रूला दोन टर्न 'व्हल्नरेबल' करतो, म्हणजे त्याला दीडपट मार बसतो. दर टर्नला तीन एनर्जी आणि पाच पत्ते. टर्न संपला की हातात उरलेले पत्ते टाकलेल्या ढिगात जातात आणि तुमचा उरलासुरला ब्लॉक पुढच्या टर्नच्या सुरुवातीला पुसला जातो. ओढायचा ढीग संपला की टाकलेले पत्ते पिसून परत येतात. आयर्नक्लॅडजवळ एक रेलिकही असतं, बर्निंग ब्लड, जे प्रत्येक लढाईनंतर ६ हेल्थ परत देतं.

आणि सगळ्यांत महत्त्वाचं: शत्रू या टर्नला काय करणार आहे ते त्याच्या डोक्यावर लिहिलेलं असतं. तलवार आणि ११ असं दिसलं की ११चा घाव येणार, त्यात फसवाफसवी नाही. त्यामुळे लढाई ही अंदाजाची गोष्ट राहत नाही, बेरीज-वजाबाकीची होते.

पहिल्याच मजल्यावर समजा जॉ वर्म समोर आला. त्याची हेल्थ ४० ते ४४च्या दरम्यान, आणि पहिल्या टर्नला तो ११चा घाव घालतो. तुमच्या हातात बॅश, तीन स्ट्राइक, एक डिफेंड. आधी बॅश आणि मग स्ट्राइक खेळलात तर ८ अधिक ९, म्हणजे १७. उलट क्रमाने खेळलात तर ६ अधिक ८, म्हणजे १४. पत्ते तेच, एनर्जी तीच, फक्त क्रम चुकला म्हणून ३ गेले. आता तिसरा पर्याय बघा: बॅश आणि डिफेंड. डॅमेज ८च, पण ११मधले ५ अडले आणि ६ हेल्थ गेली. ही सहा लढाई संपताच बर्निंग ब्लड भरून देतं, म्हणजे आयर्नक्लॅडसाठी दर लढाईत सहापर्यंतची दुखापत फुकट असते. मात्र लढाई एक टर्न लांबली तर तो किडा आणखी एकदा चावणार. कोणता हिशेब बरोबर हे पुढच्या टर्नला काय येऊ शकतं त्यावर आहे. दहा पत्त्यांतले पाच हातात आहेत, तर उरलेले पाच कोणते हे डोक्यात ठेवायलाही लागत नाही, ढिगावर टिचकी मारली की दिसतात. ते पाहून ठरवायचं.

पहिल्या लढाईआधी नीओ नावाच्या पात्राकडून वरदान मिळतं, त्यावर फार वेळ घालवू नये. मागच्या डावात पहिल्या बॉसपर्यंत पोहोचला असाल तर चार पर्याय मिळतात, नाहीतर दोनच. पत्ता काढून टाकणं, अपग्रेड करणं, थोडं सोनं, हे सगळे बरे. 'पुढच्या तीन लढायांत शत्रूंची हेल्थ १' हे वरदान नवशिक्यासाठी सर्वांत भरवशाचं. सुरुवातीचं रेलिक देऊन बॉस रेलिक घेण्याचा चौथा पर्याय जुगार आहे. खेळ हाताला बसेपर्यंत त्याच्या वाटेला न गेलेलं बरं.

नकाशा मात्र नीट वाचायचा, आणि वरून खाली वाचायचा. अगदी वर बॉसचं चित्र असतं, म्हणजे पंधरा मजल्यांनंतर कोण बसलंय ते पहिल्या क्षणापासून माहीत असतं. पंधराव्या मजल्यावर नेहमी शेकोटी, नवव्यावर नेहमी खजिन्याची पेटी. पहिल्या पाच मजल्यांवर एलिट येत नाही आणि शेकोटीही नाही. एलिट म्हणजे दांडगे शत्रू, पण त्यांना मारलं की हमखास रेलिक मिळतं, आणि रेलिकांशिवाय वरचे मजले झेपत नाहीत. म्हणून पहिल्या अंकात, म्हणजे पहिल्या बॉसपर्यंतच्या मजल्यांत, दोन एलिट गाठता येतील अशी वाट शोधायची, त्यातही एलिटच्या आधी किंवा लगेच नंतर शेकोटी असलेली, आणि हेल्थ कमी पडली तर बाजूला वळता येईल असा फाटा असलेली. हा फाटा विसरला जातो. सरळसोट वाट धरली आणि सहाव्या मजल्यावर ३० हेल्थने पोहोचलात तर समोरच्या एलिटला टाळताच येत नाही.

पहिल्या तीन लढाया सोप्या गटातल्या असतात. त्या तीन लढायांतून मिळणारे पत्ते एलिटसाठी घ्यायचे. पहिल्या अंकात एलिट तीनच प्रकारचे आहेत, म्हणून 'कोणासाठी?' या प्रश्नाला इथे अगदी नेमकी उत्तरं आहेत.

सर्वांत जास्त नवे खेळाडू मारतो तो ग्रेमलिन नॉब. हेल्थ ८२ ते ८६. पहिल्या टर्नला तो फक्त आरोळी ठोकतो. त्यानंतर तुम्ही एकही 'स्किल' प्रकारचा पत्ता खेळलात की त्याची ताकद २ने वाढते आणि लढाई संपेपर्यंत तशीच राहते. डिफेंड हा स्किल आहे. त्याचा नेहमीचा घाव १४चा. समजा घाबरून दोन डिफेंड खेळलात. १० ब्लॉक मिळाला, पण घाव १४चा १८ झाला. म्हणजे दोन एनर्जी घालून या टर्नला वाचले ६, आणि पुढच्या प्रत्येक टर्नला ४ जास्त बसणार. पुढच्या दोन टर्नमध्ये ते सहाही गेलेले असतात. इथे अंगावर घाव घेत मारत सुटणं हाच बचाव.

मग नुसत्या सुरुवातीच्या पत्त्यांनी हा मरतो का? पहिल्या टर्नला बॅश आणि स्ट्राइक, १७. दुसऱ्याला तीन स्ट्राइक दीडपटीने, २७. तिसऱ्याला १८, चौथ्याला पुन्हा १७. बेरीज ७९, म्हणजे पत्ते अगदी मनासारखे आले तरी पाचवा टर्न लागतो आणि तोवर त्याचे तीन घाव बसून बहुधा चाळीसेक हेल्थ गेलेली. पहिल्या पाच मजल्यांत दोन चांगले हल्ल्याचे पत्ते मिळाले की यातला एकेक टर्न गळतो, आणि गळलेला प्रत्येक टर्न म्हणजे १४ हेल्थ. पॉमेल स्ट्राइक एका एनर्जीत ९ डॅमेज करून वर एक पत्ता ओढून देतो. कार्नेज दोन एनर्जीत २० डॅमेज करतो, हातात राहिला तर नाहीसा होतो, पण नॉबसमोर तो हातात ठेवायची वेळच येत नाही. तिसऱ्या मजल्यावर कार्नेज समोर आला तर 'कोणासाठी?' असं विचारताच 'नॉबसाठी' असं उत्तर आलं पाहिजे. जाता जाता आणखी एक: पहिल्या टर्नला तो चिडलेला नसतो, म्हणून उपयोगाचा स्किल असेल तर तो तेव्हाच खेळून घ्यायचा.

लॅगॅव्हुलिन झोपलेला असतो, ११०च्या आसपास हेल्थ, आणि झोपेत दर टर्नला ८ ब्लॉक मिळवतो. तीन टर्न त्याला उठवायची घाई करू नये. ताकद वाढवणारे पत्ते असतील तर ते मांडून घ्यावेत. उठल्यावर १८चे दोन घाव घालतो आणि मग तुमची ताकद आणि डेक्स्टेरिटी (ब्लॉक वाढवणारा गुण) एकेकने शोषतो. नॉबला घाईने मारायचं, याला तयारी करून. हाच पहिल्या अंकाचा पेच आहे: दोघांपैकी कोण भेटणार ते आधी कळत नाही.

तिसरा प्रकार तीन सेंट्रींचा. प्रत्येकाची हेल्थ ३८ ते ४२. पहिल्या टर्नला कडेचे दोघे तुमच्या डेकमध्ये दोन-दोन 'डेझ्ड' नावाचे निरुपयोगी पत्ते घुसवतात आणि मधला ९चा झोत सोडतो. पुढच्या टर्नला अदलाबदल. इथे कडेचा एक आधी मारायचा. मग उरलेले दोघे आळीपाळीने हल्ला करतात आणि दर टर्नला फक्त ९ येतात. मधला आधी मारलात तर कडेचे दोघे एकाच वेळी झोत सोडतात, एका टर्नला १८ आणि पुढच्या टर्नला चार डेझ्ड. प्रत्येकाकडे एक 'आर्टिफॅक्ट' असतं, ते पहिला दुष्परिणाम गिळतं. म्हणून बॅशचं व्हल्नरेबल पहिल्यांदा वाया जातं, त्याच्यावर हिशेब बांधू नये.

आता डेकच्या आकाराबद्दल, कारण यावर सर्वांत जास्त अर्धवट सल्ले मिळतात. दहा पत्ते असतात तेव्हा बॅश दर दोन टर्नला एकदा हातात येतो. वीस झाले की चार टर्नला एकदा, पंचवीस झाले की पाच. पहिल्या अंकातली साधी लढाई चार-पाच टर्न चालते. म्हणजे पंचवीस पत्त्यांच्या डेकमध्ये तुमचा सर्वांत चांगला पत्ता लढाईत जेमतेम एकदा दिसतो, तोही कधी कधी शेवटी. हे गणित समजलं की 'घेतला तर काय बिघडलं' ही सवय सुटते. घेतलेला प्रत्येक साधारण पत्ता चांगल्या पत्त्याला एक पाऊल मागे ढकलतो.

पण हे ऐकून काही जण उलट टोकाला जातात. डेक लहान ठेवायचा म्हणून पहिल्या दहा मजल्यांत दोनच पत्ते घेतात आणि दुसऱ्या अंकाच्या पहिल्या लढाईत मार खातात, कारण हातात अजून पाच स्ट्राइकच आहेत. लहान डेकला डेझ्ड आणि जखमांचे पत्तेही लवकर तुंबवतात. जिंकणारे डेक बरेचदा वीस-तीस पत्त्यांचे असतात. फरक हा, की त्यातल्या प्रत्येकाला काहीतरी काम असतं. लहानपणापेक्षा जास्त फायदा सुरुवातीचे पत्ते काढून टाकण्यात आहे. दुकानात पहिला पत्ता काढायला ७५ सोनं पडतं, पुढे दर वेळी २५ जास्त: १००, १२५. आयर्नक्लॅडचे बहुधा स्ट्राइक आधी जातात, कारण त्यांची जागा चांगले हल्ले घेतात. ब्लॉकचे चांगले पत्ते जमायला वेळ लागतो, तोवर डिफेंड कामाला येतात. ७५ सोनं घेऊन दुकानात शिरताना एवढं मनाशी ठरलेलं असावं, नाहीतर समोरची रंगीत मांडणी पाहून सोनं उडतंच.

स्वप्नं दाखवणारे पत्ते याच टप्प्यावर फसवतात. डीमन फॉर्म हा त्यातला राजा: एकदा खेळला की दर टर्नला ताकद २ने वाढते. पण त्याला तीन एनर्जी लागतात, म्हणजे अख्खा टर्न. पहिल्या अंकात तो टर्न म्हणजे १४ ते १८चा घाव उघड्या अंगावर, आणि वाढलेली ताकद कामाला येईपर्यंत लढाई संपत आलेली. हाच पत्ता ब्लॉक भक्कम झाल्यावर, तिसऱ्या अंकातल्या लांब लढाईत सोन्याचा. परफेक्टेड स्ट्राइकही तसाच. तो डेकमधले स्ट्राइक मोजून बळावतो, म्हणून खेळाडू काढायला हवेत तेच पत्ते जपून ठेवतात. पहिल्या अंकापुरता तो चांगला. पुढे त्याच्यासाठी डेक बांधत बसणं मला कधीच पटलेलं नाही.

शेकोटीवर दोन कामं: विश्रांती घेऊन कमाल हेल्थच्या ३० टक्के, म्हणजे इथे २४, परत मिळवणं, किंवा एक पत्ता अपग्रेड करणं. बॉसच्या आदल्या शेकोटीवर जवळजवळ प्रत्येक नवा खेळाडू विश्रांती घेतो. आता वर हेक्साघोस्ट बसला असेल तर काय होतं ते बघा. त्याची हेल्थ २५०. पहिल्या टर्नला तो फक्त पेटतो, आणि त्या क्षणी तुमची हेल्थ मोजून दुसऱ्या टर्नच्या हल्ल्याचा आकडा ठरवतो: हेल्थला १२ने भाग, बाकी सोडून द्या, एक मिळवा, आणि तेवढ्या डॅमेजचे सहा फटके.

५० हेल्थने गेलात तर ५० भागिले १२, पूर्णांक ४, अधिक १, म्हणजे ५चे सहा: ३०. विश्रांती घेऊन ७४ने गेलात तर ६ अधिक १, म्हणजे ७चे सहा: ४२. भरलेल्या चोवीसातले १२ त्याने पहिल्याच हल्ल्यात परत घेतले, आणि अपग्रेड हुकला तो वेगळाच. ३६ हेल्थ असेल तर फटके ४चे, ३५ असेल तर ३चे. त्या एका हेल्थने २४चे १८ होतात. हे कळल्यावर खेळाडू अक्षरशः हात आखडून हेल्थ मोजू लागतात. हेल्थ ही जपून ठेवायची ठेव नाही, खर्चायचं चलन आहे. हे पहिल्यांदा पटतं ते हेक्साघोस्टसमोर.

उरलेल्या दोन बॉसचं गणित वेगळं. स्लाइम बॉसची हेल्थ १४०. अर्ध्यावर आला की तो दोन तुकड्यांत फुटतो आणि दोन्ही तुकड्यांना त्या क्षणी उरलेली हेल्थ मिळते. ७५वर असताना मोठा घाव घातलात आणि तो ५०वर आला तर ५०चे दोन. ७५वर असताना ६चा स्ट्राइक मारलात तर ६९चे दोन. म्हणून सत्तरीच्या थोडं वर आणून थांबायचं आणि मोठा हल्ला हातात यायची वाट पाहायची. तिसऱ्या टर्नला येणारा ३५चा घावही फुटल्याने टळतो. गार्डियन ३० हेल्थ गेली की कवचात शिरतो, पुढच्या वेळी ४०, मग ५०. त्याच्या ३२च्या घावाच्या टर्नलाच त्याला कवचात ढकललं की तो घाव येतच नाही.

बॉस पडला की तीन दुर्मीळ पत्त्यांतला एक आणि तीन बॉस रेलिकांतलं एक. असेन्शन नसताना हेल्थही पूर्ण भरते. बॉस रेलिकांत बहुतेक वेळा चौथी एनर्जी मिळते आणि तिची किंमत असते: कॉफी ड्रिपर घेतलात तर शेकोटीवर विश्रांती बंद, फ्यूजन हॅमरने अपग्रेड बंद, एक्टोप्लाझमने यापुढे सोनं बंद, सोझूने पोशन (एकदाच वापरायची औषधं) बंद. रूनिक डोम तर शत्रूचा डोक्यावरचा इरादाच लपवतो. शत्रूंच्या चाली पाठ असणारे ते आनंदाने घेतात, नव्याने घेऊ नये. बरेचसे पत्ते आधीच अपग्रेड झाले असतील तर फ्यूजन हॅमर जवळजवळ फुकट पडतो. 

दुसरा अंक हा माझ्या मते खेळाचा सर्वांत कठीण भाग आहे, आणि वाईट वाटण्यासारखा, कारण पहिल्या अंकात बरोबर ठरलेल्या निवडी इथे अपुऱ्या पडतात. एका शत्रूला जोरात मारणारा डेक तीन बर्डांसमोर उभा राहतो. ते उडत असतात तोवर तुमचा मार निम्मा, आणि ते ठोसत असतात १च्या पाच-पाच टोच्यांनी. स्लेव्हर, ग्रेमलिन लीडर, सगळे टोळीने येतात. म्हणून पहिल्या अंकाच्या शेवटाकडे 'कोणासाठी?' या प्रश्नाचं उत्तर बदलायला हवं: आता सर्वांना एकदम मारणारं काहीतरी, आणि स्वस्त, भरवशाचा ब्लॉक. श्रग इट ऑफ एका एनर्जीत ८ ब्लॉक देतो आणि एक पत्ता ओढतो. हा साधा पत्ता मी क्वचितच सोडतो.

इथल्या बॉसांतला चँप बघण्यासारखा. हेल्थ ४२०. निम्म्यावर आला की अंगावरचे सगळे दुष्परिणाम झटकतो, ताकद ६ने वाढवतो आणि १०चे दोन घाव घालतो, म्हणजे कमीत कमी ३२. बेसावध खेळाडू त्याला २२०वरून सहज १९०वर नेतो आणि पुढच्या दोन टर्नमध्ये संपतो. योग्य पद्धत अशी, की २१०च्या किंचित वर त्याला टांगून ठेवायचं, दोन-तीन टर्न ब्लॉक करत ताकद आणि पत्ते जुळवायचे, आणि मग निम्मी हेल्थ शक्य तितक्या कमी टर्नमध्ये उडवायची.

पोशन्स इथेच वापरायची. तीन जागा असतात आणि लढाईनंतर पोशन मिळण्याची शक्यता ४० टक्क्यांच्या आसपास फिरत राहते. तीनही जागा भरलेल्या ठेवून मेलेले खेळाडू अगणित आहेत. एलिटसमोर टाकलेलं २० डॅमेजचं फायर पोशन एक टर्न वाचवतं, आणि रिकाम्या झालेल्या जागेत पुढचं येतं.

तिसऱ्या अंकात डेक बहुधा तयार असतो, परीक्षा त्याच्या एकांगीपणाची होते. टाइम ईटर तुमचे पत्ते मोजतो. बारावा पत्ता पडला की तुमचा टर्न तिथेच संपतो आणि त्याची ताकद २ने वाढते. मोजणी पुढच्या टर्नमध्ये चालू राहते, म्हणून दहा-अकरावर टर्न संपवायचा की बारावा मोठा हल्ला करायचा हे आधी ठरवून खेळायचं. अवेकन्ड वन 'पॉवर' प्रकारच्या प्रत्येक पत्त्यागणिक बळावतो आणि ३०० हेल्थ संपवली की दुसऱ्यांदा उठतो.

आयर्नक्लॅड, सायलंट आणि डिफेक्ट या तिघांनी एकेकदा डाव जिंकला की तीन किल्ल्या दिसू लागतात: शेकोटीवर एक वेळ सोडून मिळणारी लाल, पेटीतलं रेलिक सोडून मिळणारी निळी आणि जळत्या एलिटला मारून मिळणारी हिरवी. तिन्ही असतील तर चौथ्या अंकात 'हृदय' या शेवटच्या बॉसशी गाठ पडते. हेल्थ ७५०, पण एका टर्नमध्ये ३००पेक्षा जास्त हेल्थ जात नाही, म्हणजे कितीही जोरदार डेक असला तरी तीन टर्न सोसावेच लागतात. तुम्ही खेळलेल्या प्रत्येक पत्त्यामागे १ डॅमेज. पहिल्या टर्नला ते तुम्हाला व्हल्नरेबल, वीक आणि फ्रेल करतं आणि पाच निरुपयोगी पत्ते डेकमध्ये घालतं. फ्रेलमुळे ५चा डिफेंड ३वर येतो. आणि मग एकदा २चे बारा फटके, एकदा ४०चा एक घाव.

बारा फटक्यांचं उत्तर ब्लॉकमध्ये शोधणारे थकतात. डिसआर्म नावाचा एक बेताचा दिसणारा पत्ता आहे: शत्रूची ताकद २ने कमी. फटका २चा, ताकद उणे २, म्हणजे शून्याचे बारा. व्हल्नरेबल असलात तरी शून्याची दीडपट शून्यच. मात्र चौथ्या टर्नला हृदय उणी झालेली ताकद पुसून टाकतं आणि स्वतःला आर्टिफॅक्टही चढवतं, म्हणून डिसआर्म त्याआधी पडला पाहिजे. पहिल्या अंकात हा पत्ता समोर येतो तेव्हा पन्नास मजले वरचं हृदय कोणाच्या मनात नसतं.

बाकीची पात्रं हाच प्रश्न वेगळ्या भाषेत विचारतात. सायलंट विषाने आणि पुष्कळ छोट्या पत्त्यांनी लढते, डिफेक्ट ऑर्ब साठवतो, आणि २०२०मध्ये आलेली वॉचर रागाच्या पवित्र्यात दुप्पट मारते तशी दुप्पट खातेही. तो पवित्रा सोडायचा पत्ता हातात नसताना टर्न संपवला की तिचा डाव बरेचदा तिथेच आटोपतो. जिंकत गेलात की असेन्शनच्या वीस पायऱ्या उघडतात. दहाव्या पायरीपासून डेकमध्ये काढता न येणारा शाप घेऊनच सुरुवात होते, अकराव्याला पोशनची एक जागा जाते, विसाव्याला तिसऱ्या अंकात पाठोपाठ दोन बॉस.

सगळा नशिबाचा खेळ आहे, अशी तक्रार पहिल्या वीस-तीस डावांत प्रत्येक जण करतो, आणि ती अगदी खोटी नाही. पत्ते, रेलिकं, वाटा, सगळं नशिबानेच येतं. पण मुरलेले खेळाडू वरच्या असेन्शनवरही लागोपाठ डाव जिंकतात, तेही याच नशिबाला घेऊन. खात्री करायची असेल तर हरलेल्या डावाचा सीड, म्हणजे त्यातलं नशीब ठरवणारा क्रमांक, टाकून तोच डाव पुन्हा खेळावा. सीड स्वतः टाकलेल्या डावात अचिव्हमेंट मिळत नाहीत, पण पहिल्या मजल्यावर तेच तीन पत्ते येतात आणि वेगळा उचलून बघता येतो. लढाईच्या मध्यात खेळ बंद करून उघडला की लढाई पहिल्यापासून सुरू होते, पत्तेही त्याच क्रमाने. याला काही जण लबाडी मानतात. शिकण्यासाठी करायला माझी हरकत नाही, पण त्या विजयाची मोजणी वेगळी ठेवावी.

त्याहून उपयोगी आहे 'रन हिस्टरी'. हरलेला डाव तिथे मजल्यागणिक मांडलेला असतो. मजल्यावर कर्सर नेला की तिथे किती हेल्थ गेली ते दिसतं. सर्वांत मोठा आकडा शोधायचा, समजा बावीसाव्या मजल्यावर ३१. मग तिथून एकेक मजला मागे यायचं. कोणता पत्ता घेतला ते लिहिलेलं असतं, आणि त्याखाली सोडलेल्या पत्त्यांची नावंही.